जावेची कोल्ड कॉफी

शिरूरच्या अलीकडं, पुणे-नगर हायवेला लागून काचेचं एक कॉफीचं दुकान आहे. आत एसी, गुबगुबीत सोफे, भिंतीवर काळा बोर्ड आणि त्यावर खडूनं लिहिल्यासारखी इंग्रजी नावं. बाहेर पुण्याच्या गाड्या उभ्या असतात. त्या गाड्यांच्या रांगेत माझी स्कूटी मी शेवटी, भिंतीला चिकटून लावते. ते दुकान मला आवडतं. हे लिहायला सोपं आहे, घरात बोलायला अवघड.

"तेवढ्या पैशात निम्मं पेंडीचं पोतं आलं असतं," असं आमचे हे म्हणतात. निम्मं नाही, एक पाटीसुद्धा नीट भरत नाही. गावातलं दूध संकलन केंद्र मी चालवते, पेंडीचा भाव मला त्यांच्याआधी कळतो. पण हिशेब चुकीचा असला तरी टोमणा बरोबर बसतो. सासूबाई त्यात भर घालतात, "कडू असतंया म्हनं ते. कडू प्यायला पैसं?" त्यांच्या लहानपणी घर मेंढरांमागं फिरायचं. तीन दगडांवर चहा, तोही गुळाचा. त्यांना काय सांगणार?

तरी सांगते. माझी बाजू अशी आहे.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती कॉफीसाठी नव्हे, बाथरूमसाठी. शिरूरच्या बाजारात दिवस काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. सकाळी घरातून निघताना पाणी प्यायच्या आधी ती विचार करते. स्टँडवरचं ते ठिकाण नाक दाबून वापरावं लागतं, दाराला कडी असेलच असं नाही. उन्हाळ्याचे दिवस होते आणि माझ्यासोबत माझी धाकटी जाऊ होती. तिला अगदी राहवेना. कुणीतरी सांगितलं, त्या काचेच्या दुकानात जा, तिथं कुणी अडवत नाही. आम्ही गेलो. कडी लागते, नळाला पाणी येतं, हात पुसायला कागद आहे, वास नाही. आधी ती जाऊन आली, मग मी. बाहेर आल्यावर तसंच निघून जायची आम्हाला लाज वाटली, म्हणून मी बोर्डावरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "दोन." ती कॅपुचिनो होती. पुढं आम्ही जेवढ्या वेळा गेलो, तेवढ्या वेळा दोन कॅपुचिनोच.

दुसरं कारण असं, की तिथं कुणी "तुम्ही कुणाच्या?" असं विचारत नाही. कवठे येमाईकडच्या आमच्या भागात बाई दिसली की पहिला प्रश्न हाच. सासर कुठलं, माहेर कुठलं, मालक काय करतात. चहाच्या हॉटेलात तर बाई बसतच नाही. गाडीत बसून राहते, कुणीतरी कप आणून देतो, ती पदराआड पिते आणि कप खिडकीतून परत करते. इथं आम्ही सोफ्यावर बसलो आणि कुणी मान वर करून बघितलं नाही. कॉफी किती चांगली, ते मला सांगता येणार नाही. दूध पिशवीचं असतं, एवढं कळतं. फेस बराच, खाली दूध कमी. माझ्या केंद्रावर असं कुणी आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं. पण फेसाचे पैसे मी देत नव्हते. बसण्याचे देत होते.

आणि तिसरं कारण माझी जाऊ. खरं तर पहिलं हेच लिहायला हवं होतं.

ती माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान. माहेर कासुर्डीचं. आमच्या घरात दोन्ही सुना एकदम घराबाहेर पडत नाहीत, एकीनं घरी थांबायचं अशी रीत आहे. ती रीत मोडली ती केंद्राच्या रकमेमुळं. दर मंगळवारी शिरूरच्या बँकेत जावं लागायचं, आणि सासरे म्हणाले, "येकटीनं पैसं घिऊन जायाचं न्हाई. धाकटीला घे संगं." तेव्हापासून स्कूटीवर मी पुढं आणि पिशवी पोटाशी धरून ती मागं. जाता-येता बँक, सासूबाईंची औषधं, आणि परतताना ते काचेचं दुकान. घरी सांगताना फक्त बँकेला गर्दी असायची, कॉफीचं त्यांना पुढं फार उशिरा कळलं.

घरात आमचं बोलणं म्हणजे भाकरी झाल्या का, मोटार चालू झाली का, कालवड हंबरतीय बघ जरा. तिथं बसलं की ती वेगळीच व्हायची. माणसांच्या नकला करायची. सासूबाई भाकरीच्या टोपल्यावरचं फडकं कसं उचलतात आणि कुणी किती खाल्ल्या ते कसं मोजतात, ते करून दाखवताना एकदा माझ्या नाकातून कॉफी आली होती. मीही तिला एक गोष्ट सांगितली होती, जी घरात कुणाला माहीत नाही. मला बँकेत नोकरी करायची होती. काउंटरच्या त्या बाजूला बसायचं होतं. ती हसली नाही. म्हणाली, "मग तुमी मॅनेजर झाला असता. सगळ्यांना हात जोडायला लावलं असतं."

या वयात मैत्रीण मिळते, आणि तीही जाऊ, हे मला खरं वाटत नव्हतं.

मग दिरांना कुरकुंभच्या औषधाच्या कंपनीत कायम केलं. आधी ते तिकडं खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला यायचे. शिफ्ट बदलती, खाण्याचे हाल. त्यांनी दौंडला फ्लॅट घेतला आणि तिला घेऊन गेले. भांडण नाही, वाटणी नाही. सगळं रीतीनं झालं. मी डब्यात तूप भरून दिलं, "बरं झालं, पोरी," म्हटलं, आणि तिची ट्रंक टेम्पोत चढवायला हात लावला. दौंडहून तिच्या माहेरचं अंतर आमच्यापेक्षा कमी, हे मी त्याच वेळी मनात मोजलं होतं.

ती गेल्यावर मी मंगळवारी एकटी जाऊ लागले. रक्कम आता बहुतेक मोबाईलवरच जाते, औषधांना सोबत लागत नाही, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. खिडकीच्या त्याच टेबलावर बसायचे, कॅपुचिनो घ्यायचे, हायवेवरची वाहनं बघायचे. बरं वाटायचं. अर्धंच, पण बरं.

एका मंगळवारी काउंटरवरची बाई म्हणाली, "त्या दुसऱ्या ताई परवा येऊन गेल्या की."

"कोण?"

"तुमच्यासोबत यायच्या त्या. मैत्रीण होती बरोबर, कारनं आल्या होत्या. एवढ्या हसत होत्या दोघी, सगळं दुकान बघत होतं."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मला आकडा अर्धा ठेवता येत नाही. विचारलं, "काय घेतलं त्यांनी?"

"कोल्ड कॉफी, वर आइस्क्रीम. दोन. नंतर अजून एक, दोघींत."

मी माझी कॅपुचिनो घेऊन खिडकीशी बसले. परवा संकष्टी होती. म्हणजे दोघी दौंडहून रांजणगावच्या गणपतीला आल्या असणार आणि तिथून इकडं. शिरूरपर्यंत आली. घर तिथून स्कूटीवर पाऊण तास. आली नाही. फोन नाही. आणि कोल्ड कॉफी! माझ्यासोबत इतके मंगळवार बसली, कधी त्या बोर्डाकडं मान वर करून बघितलं नाही, आणि त्या बाईसोबत कोल्ड कॉफी, वर आइस्क्रीम, आणि नंतर अजून एक दोघींत.

मला मत्सर वाटला. दुसरा चांगला शब्द शोधत बसत नाही. नवऱ्याच्या बाबतीत बायकांना असं होतं म्हणतात, मला कधी झालं नाही. जावेच्या बाबतीत झालं. ती मैत्रीण कशी असेल, कुठल्या सोफ्यावर बसली असेल, मी बसते त्याच जागी का, हे मी त्या काउंटरवरच्या बाईला विचारायचं बाकी ठेवलं, एवढाच काय तो माझा संयम.

घरी आले तर ह्यांनी नेमकं तेव्हाच काढलं. "काय, आज कडूपणा चेहऱ्यावर आलाय. कॉफी जास्त झाली का काय?" मी त्या दिवशी त्या दुकानाची बाजू जितकी जोरात घेतली तितकी कधी घेतली नव्हती. म्हटलं, तुमच्या तंबाखूच्या पुड्यांचा हिशेब कुणी विचारतंय का? पारावर दोन-दोन तास बसता त्याला कुणी नाव ठेवतंय का? मला एक जागा आवडते, तिथं मी माझ्या कष्टाच्या पैशानं बसते, तुमच्या पोटात का दुखतंय? आणि खरं सांगायचं तर मी हे बोलत होते त्याच वेळी मला वाटत होतं, त्या दुकानाला कुलूप लागलं तरी चालेल. कुणीच तिथं बसू नये.

दोन दिवस कळ काढली, मग फोन केला.

"रांजणगावला आली व्हतीस म्हनं?"

"व्हय ताई. कुणी सांगितलं?"

"घरी आली न्हाईस."

"गाडी दुसऱ्याची व्हती ताई. तिला कसं म्हनायचं, अजून आत गावाला चल म्हणून?"

"कॉफीला वेळ घावला पण."

मागं तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "पुढच्या संकष्टीला बी येणार हाय आमी. तुमी या की तिथंच. तिची वळख करून देते."

मी जाणार नव्हते. गेले. चांगली साडी नेसून गेले, हेही लिहिलं पाहिजे.

दोघी आधीच येऊन बसल्या होत्या. मैत्रीण रेल्वेतल्या माणसाची बायको, दौंडला त्यांच्याच इमारतीत राहते. बदल्यांमुळं भुसावळ, सोलापूर, आणखी कुठं कुठं राहून आलेली. बोलण्यात निम्मं हिंदी. उठून उभी राहिली आणि माझे दोन्ही हात धरले. "आप ही हो ना, मोठ्या ताई! अहो, किती ऐकलंय तुमच्याबद्दल. दूध बघून माणूस ओळखता म्हणे!"

वाईट बाई असती तर मला सोपं गेलं असतं. ती चांगली होती.

माझी जाऊ सोफ्यावर एक पाय वर घेऊन बसली होती. दाराकडं पाठ करून. माझ्यासोबत ती नेहमी दाराकडं तोंड करून, पाय खाली, पिशवी मांडीवर घेऊन बसायची. आता पिशवी कुठं होती तेही तिला ठाऊक नसावं. दोघी एकमेकींना अगं-तुगं करत होत्या. एकीनं वाक्य सुरू करायचं, दुसरीनं संपवायचं. मैत्रिणीनं माझ्यासाठी काय मागवू विचारलं. मी म्हटलं, "कॅपुचिनो." तेवढ्याच शब्दावर दोघींनी एकमेकींकडं बघितलं असं मला वाटलं. कदाचित बघितलं नसेल.

मग मैत्रीण तिला म्हणाली, "ए, ते करून दाखव ना. ते फॅटवालं."

माझी जाऊ लाल झाली. "काय न्हाई गं. गप."

"कर की," मी म्हटलं.

"ताई, तसं काय न्हाई."

"कर म्हनते ना."

तिनं केलं. डोळे बारीक करून, फॅटच्या मशीनवरचा आकडा बघितल्यासारखं करून, मान न उचलता, माझ्याच आवाजात: "आबा, म्हशीला पाणी पाजलं का दुधाला?" मग एक भुवई वर. मैत्रीण टेबलावर हात आपटून हसली. मीही हसले. नक्कल हुबेहूब होती. मी खरंच अशी भुवई वर करते, आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नकलेचा राग आला नाही. राग याचा आला, की ती आधी दुसरीनं बघितली होती. आमच्या टेबलावर आम्ही दोघी मिळून सगळ्या घराला हसायचो. आता मी त्या घरात जमा झाले होते.

मैत्रिणीला फोन आला. आत नीट ऐकू येईना म्हणून ती उठून बाहेर गाडीपाशी गेली. आम्ही दोघीच उरलो. मी विचारलं,

"तुला कॅपुचिनो आवडत न्हाई?"

ती ग्लासातला बर्फ हलवत राहिली. "न्हाई ताई. कडू लागती."

"मग येवढे दिवस का प्यालीस?"

"तुमी मागवायचा."

"मी विचारायचे की तुला. तूच म्हनायचीस, तुमी सांगाल ते."

"मग काय म्हनू? थोरली जाऊ समोर बसलेली, आन् धाकटीनं बोर्ड वाचून सांगायचं, मला हे नको, ते द्या?"

"अगं, पण हितं कोण बघणार व्हतं?"

"तुमी व्हता की," ती म्हणाली.

ती पुढं म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, "मी दाराकडं तोंड करून का बसायचे, ठाव हाय? गावाकडचं कुणी आत आलं तर तुमाला आधी सांगता यावं म्हणून. तुमी निवांत खिडकीतनं बघायचा. मी राखण करायचे."

हे ऐकून माझं डोकं एकदम ताळ्यावर आलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला आधी वाटलं, ही आता दौंडला जाऊन शिकली. मग वाटलं, माझ्या कपात आधी साखर घालायला मी कधी तिला सांगितलं होतं? तीच माझ्या कपात दोन पुड्या टाकून ढवळून द्यायची, मग स्वतःच्या. मी सांगितलं नव्हतं, मी फक्त नको म्हटलं नाही. हे दोन्ही एकच आहे की वेगळं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

"आन् हसायचीस ती?" मी विचारलं. "ते बी थोरल्या जावेसाठी?"

"न्हाई," ती लगेच म्हणाली. "ते खरं व्हतं. पण ताई, हिच्यासंगं मला हसायच्या आधी बघावं लागत न्हाई."

मैत्रीण आत आली. येताना काउंटरवर मोबाईल दाखवून सगळ्यांचे पैसे देऊनच आली. मी पर्स उघडली तर म्हणाली, "अरे ताई, तुम्ही पाहुण्या!" ज्या टेबलावर मी इतकी वर्षं पैसे दिले, त्या टेबलावर मी पाहुणी. दोघी गाडीत बसल्या. काच खाली करून माझ्या जावेनं हात हलवला. मी स्कूटीवर येताना वाटेत थांबून पाणी प्यायले. तहान नव्हती.

पुढचे काही मंगळवार मी तिथं गेले नाही. औषधं घेऊन सरळ घरी. ह्यांनी दोन-तीनदा विचारलं, "काय, कॉफी बंद का?" मी म्हटलं, पैसे वाचवतेय. तेव्हा तेच म्हणाले, "वाचवू नको. त्या दुकानातनं आलीस की निदान माणसासारखी बोलतीस." ही त्यांच्याकडून त्या दुकानाला मिळालेली पहिली शाबासकी. मी ती जावेला फोन करून सांगितली असती, आधीचे दिवस असते तर.

ती फोन करील असं मला वाटत होतं, आणि करणार नाही असंही. मी हटून बसले होते. मैत्रीण दुसरी मिळते, मी तिची मैत्रीण कधीच नव्हते, मी थोरली जाऊ होते, हे मी स्वतःला सांगत होते. पटत नव्हतं. संध्याकाळी केंद्रावर एक आबा दुधाची किटली घेऊन आले. फॅट कमी लागलं होतं. माझी भुवई वर गेली आणि ती वर गेल्याचं माझं मलाच कळलं. तोंड दुसरीकडं वळवून हसू दाबावं लागलं. आबा म्हणाले, "काय झालं सूनबाई? आमी काय पाणी घातलं न्हाई बरं का."

त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"मंगळवारी येते मी. यष्टीनं. येकटीच."

"घरी?"

"घरी बी येते नंतर, आत्याबाईंना भेटायला. आधी तिथं. पण ताई, मागवणार मी."

"बरं."

"आन् बसायचं मी सांगीन तिथं."

"बरं म्हटलं ना."

मंगळवारी ती माझ्या आधी पोचली होती. खिडकीच्या बाजूला बसली होती आणि मला हातानं समोरची जागा दाखवली. तिथून सबंध दार दिसतं. दार उघडलं की आतली थंड हवा बाहेर जाते आणि रस्त्याचा आवाज आत येतो, प्रत्येक वेळी मान आपोआप वर होते. ती इतकी वर्षं तिथं बसून बोलत कशी होती, मला कळेना. तिनं बोर्ड सावकाश, सगळा वाचला. मुद्दाम वाचला असावा. मग उठून काउंटरवर जाऊन सांगून आली. पैसे पण तिनंच दिले. मी पर्सकडं हात नेला नाही, आणि ते मला चांगलं जड गेलं.

दोन उंच ग्लास आले. वर आइस्क्रीम, त्यावर चॉकलेटच्या रेघा. मी एक घोट घेतला. गोड म्हणजे किती गोड असावं! माझ्या उजव्या दाढेतून कळ गेली ती थेट कानापर्यंत. दूध मला पावडरचं वाटलं. बोलले नाही. पीत राहिले. ती माझ्या ग्लासाकडं बघत होती.

"कशी हाय?"

"चांगली हाय."

"खोटं बोलताय."

"गोड हाय लई," मी म्हटलं.

ती हसली. हसायच्या आधी तिनं माझ्याकडं बघितलं नाही, एवढं मी पाहिलं. तिनं दौंडच्या गोष्टी सांगितल्या. रात्रपाळीहून आलेले दीर दिवसा झोपतात, तेव्हा घरात भांडं वाजवायची सोय नसते. पहिले दोन महिने ती बाल्कनीत बसून रडायची. ते बघून वरच्या मजल्यावरून त्या मैत्रिणीनं हाक मारली होती. हे तिनं मला तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतं. मी दर वेळी विचारायचे, "बरं चाललंय ना?" आणि ती म्हणायची, "व्हय ताई." ऐकून मला वाईट वाटलं, आणि हेही वाटलं, की ते रडणं ऐकायचं माझ्या वाट्याला आलं असतं तर.

माझा ग्लास निम्म्यावर येऊन थांबला. पुढं जाईना. तिनं स्वतःचा संपवला, माझ्याकडं बघितलं, आणि न विचारता माझा ग्लास आपल्या पुढ्यात ओढून माझ्याच नळीनं प्यायला लागली.

मी न विचारण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"तिचं बी असंच पितीस का गं, उरलेलं?"

तिनं नळी तोंडातून काढली. आधी तिला प्रश्नच कळला नाही, मग कळला, आणि तिचे डोळे हसले.

"तिचं उरतंय कुठं ताई? ती सगळं संपवती."

मला फार बरं वाटलं. पुढच्या वेळीही अर्धंच प्यायचं, हे मी तिथं बसल्या बसल्याच ठरवलं.